आज्याची बटणे गिटारवर

गिटारच्या दांडीवर नाव किंवा चित्र जडवून घेण्याची हौस आपल्या मुलांमध्येही आली आहे. आमच्या पुतण्याने तर हट्टच धरला. दांडीभर आज्याचे पूर्ण नाव हवे आणि वर गणपतीही हवा. त्याचा आजा म्हणजे आमचे वडील. त्यांचा एक जुना कोट आईने जपून ठेवला आहे, त्याला शिंपल्याची पाच बटणे होती. तीच जडवायची असे पोराच्या मनात होते.

आई म्हणाली, "दोन देईन. बाकीची कोटाला राहू देत."

आम्ही त्याला घेऊन एका कारागिराकडे गेलो. या गृहस्थाने उमेदीची वर्षे क्युरपिपला जहाजांच्या प्रतिकृती करण्यात घालवली. आता तो गिटारी दुरुस्त करतो. त्याने आधी मोजपट्टी काढली. गिटारला सतारीसारखेच धातूचे पडदे असतात, पण ते सरकत नाहीत, पट्टीत खाच पाडून ठोकलेले असतात. मोकळी तार ६४८ मिलिमीटरची असेल तर पहिल्या पडद्यापर्यंत सुमारे ३६ मिलिमीटर जागा मिळते. अकराव्या आणि बाराव्या पडद्यांमध्ये उरते जेमतेम १९, आणि पुढे त्याहून कमी. पूर्ण नाव घातले तर प्रत्येक अक्षरावरून तार जायची. गणपतीच्या सोंडेचे दोन तुकडे झाले असते. तेव्हा "आजा" एवढेच ठरले, तेही बाराव्या पडद्याच्या घरात. तिथे तारेचा मध्य येतो, स्वर वरच्या सप्तकात जातो, म्हणून खुणेचा मान त्या घराला असतोच.

शिरोरेषेची अडचण आली. एवढी लांब पट्टी बटणातून निघेना, कारण मध्ये चार भोके. आम्ही शाळामास्तर, शिरोरेषेवाचून अक्षर आमच्या पचनी पडेना. पुतण्या म्हणाला, "काका, अकरावा पडदाच शिरोरेषा!" गिटार उभी धरली की अक्षरे त्या तारेखाली लोंबणार. आम्ही निरुत्तर झालो.

काम असे चालते. शिंपला दीड मिलिमीटरपर्यंत घासून पातळ करायचा, कागदावरची आकृती त्यावर चिकटवायची आणि केसासारख्या पात्याच्या करवतीने कापायचे. पडदे गरम करून उपटायचे. थंड ओढले तर लाकडाच्या कपच्या उडतात. मग तुकड्याच्या आकाराचाच खळगा कोरायचा. फटीत एपॉक्सी आणि त्याच लाकडाचा काळा भुसा. शेवटी पट्टीच्या गोलाईप्रमाणे घासून पडदे पुन्हा ठोकायचे. शिंपल्याची पूड फुप्फुसांना घातक असते, म्हणून हा माणूस तोंडाला मास्क बांधून, शिंपला ओला ठेवून काम करतो. घरी प्रयोग करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पट्टी एबनीची. याच काळ्या लाकडासाठी १६३८ नंतर डचांनी आपल्या बेटावर कुऱ्हाड चालवली. आज जुनी एबनी पाहायला इल ओ एग्रेतला जावे लागते. कुणाकडे हस्तिदंती बांगडी असेल तर ती मात्र जडवू नये. १९८९ साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा ठराव झाला, आणि अशी गिटार घेऊन रेयुनियनला वाजवायला गेलात तर विमानतळावर अडकाल.

आठवड्याने पाहायला गेलो तर टेबलावर उलटा "अ"! कारागिराला देवनागरी येत नाही, आणि आमचा कागद पारदर्शक. त्याने तो पालथा चिकटवला होता. तुकडा पालथा करावा तर मागे शिंपल्याची तपकिरी साल. ती घासली तर तुकडा फारच पातळ होतो. एक बटण वाया गेले. चूक आमचीच, कागदावर "वरची बाजू" लिहायला हवे होते. मुलांना हेच तर आम्ही रोज सांगतो.

आईला सांगताना आमची जीभ अडखळली. तिने कात्री घेतली, तिसरे बटण न बोलता कापून दिले आणि कोट घडी करून पुन्हा कपाटात ठेवला.

यंदाच्या गणेशोत्सवात पुतण्या त्या गिटारवर वाजवायला बसला. आरती संपल्यावर आईने ती मांडीवर घेतली, अकराव्या तारेखाली बोट फिरवले आणि विचारले, "ज कुठून कापला? वरच्या बटणातून की खिशाच्या?" आम्हांला सांगता आले नाही.