रात्री लावलेली स्क्रिप्ट पहाटे का बंद पडते? समजून घ्या ‘मेमरी लीक’

समजा, डेटाबेसमधल्या लाखो नोंदी दुरुस्त करणारी स्क्रिप्ट तुम्ही रात्री सुरू केली. सकाळी पाहता तर स्क्रीनवर एकच शब्द : ‘किल्ड’. रॅम संपली आणि लिनक्सनं प्रोग्राम बंद केला. काम कुठपर्यंत झालं, तेही कळायला मार्ग नाही. असं का होतं? ‘जँगो’ या पायथॉनमधल्या लोकप्रिय वेब फ्रेमवर्कच्या उदाहरणातून पाहू.

पहिला संशयित : डीबग
‘डीबग’ सेटिंग सुरू असेल, तर जँगो डेटाबेसला पाठवलेली प्रत्येक क्वेरी लक्षात ठेवतं. वेबसाइटवर नवी रिक्वेस्ट आली की ही यादी पुसली जाते. स्क्रिप्टमध्ये रिक्वेस्टच नसते, त्यामुळे यादी फुगत जाते. १.८ आवृत्तीपासून तिला ९,००० क्वेरींची मर्यादा आहे. पण क्वेरी लांबलचक असतील तर तेवढ्याही जड होतात. उपाय सोपा : डीबग बंद करा.

दुसरा संशयित : क्वेरीसेट
क्वेरीसेटवर थेट लूप फिरवला, की आलेल्या सगळ्या नोंदी मेमरीत साठून राहतात. ‘इटरेटर’ वापरला तर जँगो हा साठा करत नाही. मात्र मायएसक्यूएलमध्ये डेटाबेसचा ड्रायव्हरच सगळा निकाल एकदम मेमरीत आणतो. तिथे आयडीच्या क्रमानं हजार-हजार नोंदींचे गट करून काम करा.

तिसरा संशयित : आपलाच कोड
लूपबाहेर एखादी लिस्ट असते, तिच्यात प्रत्येक नोंद भरली जाते आणि ती रिकामी करायची राहून जाते.

चोर कसा पकडायचा?
आधी मेमरीचा आलेख पाहा. ती वाढून एका पातळीवर थांबली, तर बहुधा लीक नाही. प्रत्येक गटानंतर वाढतच असेल, तर कुणीतरी जुन्या नोंदी धरून बसलंय. मग पायथॉनसोबतच येणारं ‘ट्रेसमॅलॉक’ वापरा. हजार नोंदींनंतर एक आणि दहा हजारांनंतर दुसरा स्नॅपशॉट घ्या आणि दोन्हींची तुलना करा. कोडच्या कोणत्या ओळीनं मेमरी वाढवली, ते दिसेल.

हे लक्षात ठेवा
कारण न शोधता नुसती रॅम वाढवली, तर तीनला बंद पडणारी स्क्रिप्ट पाचला बंद पडेल, एवढंच. आणि प्रत्येक गटानंतर शेवटचा आयडी नोंदवून ठेवा. स्क्रिप्ट थांबलीच, तर काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार नाही.