सर्व्हर गेला, म्हणजे नेमकं काय झालं?

‘सर्व्हर डाउन आहे, नंतर प्रयत्न करा.’ शाळेची माहिती ऑनलाइन भरायला बसलेल्या शिक्षकांना हे वाक्य पाठ झालेलं असतं. बँकेत आणि रेल्वेच्या खिडकीवरही ते ऐकू येतं. मग साहजिकच प्रश्न पडतो, की एक संगणक बिघडणार हे माहीत असताना दुसरा तयार का ठेवत नाहीत?

ठेवतात. महत्त्वाची माहिती सांभाळायला बहुधा दोन, तीन किंवा जास्त संगणक एकत्र जोडलेले असतात. अशा जुडग्याला क्लस्टर म्हणतात. नेहमीच्या रचनेत त्यातला एक मुख्य असतो. नव्या नोंदी फक्त तोच घेतो आणि बाकीचे त्याच्या वहीची नक्कल करत राहतात. मुख्य बंद पडला, की नक्कल करणाऱ्यांपैकी एकानं त्याची जागा घ्यायची. याला फेलओव्हर असं नाव आहे. ऐकायला हे सोपं वाटतं. आम्हालाही वाटलं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले जातात. गावोगावच्या विहिरी आणि बोअरचं पाणी बाटल्यांतून येतं, प्रत्येक बाटलीला संगणक क्रमांक देतो, आणि पुढच्या सगळ्या तपासण्या त्या क्रमांकावर नोंदल्या जातात. यासाठी आम्ही दोन संगणकांचा क्लस्टर उभारला होता. आपसात आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचो. थोरला दर सेकंदाला धाकट्याला एक छोटा संदेश पाठवायचा, ‘मी आहे.’ याला हृदयाचा ठोका म्हणतात. सलग पाच ठोके चुकले, की थोरला गेला असं धरून धाकट्यानं काम सुरू करायचं, असं ठरवून दिलेलं होतं.

२०१५ सालातल्या एका दुपारी फ्लोराइड तपासणाऱ्या सहकाऱ्यानं दोन बाटल्या टेबलावर आणून ठेवल्या. दोन्हींवर एकच क्रमांक, गावं वेगळी. एका बाटलीतलं फ्लोराइड लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत, तर दुसरीतलं तीनच्या वर. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालेल, अशी मर्यादा आहे. त्यापुढचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर आधी मुलांच्या दातांवर डाग दिसतात, पुढे हाडं कडक होऊन सांधे आखडतात. त्यामुळे कोणता निकाल कोणत्या गावाचा, हा नुसता कारकुनी प्रश्न नव्हता. शोधल्यावर अशा एकतीस जोड्या निघाल्या.

पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची असते तीच आमच्यातल्या एकाची झाली. दोन्ही संगणक बंद करून पुन्हा चालू करायला त्यानं हात पुढे केला. तो वेळेवर अडवला हे नशीब. कारण चालू होताच धाकट्यानं शिस्तीप्रमाणे थोरल्याच्या वहीची नक्कल सुरू केली असती आणि स्वतःकडे वेगळं काही लिहिलेलं असेल तर ते पुसून टाकलं असतं. बिघडलेला क्लस्टर समोर असताना आधी दोन्हीकडचं लिखाण थांबवायचं, दोन्ही वह्या जशाच्या तशा बाजूला उतरवून घ्यायच्या, आणि मगच कारण शोधायचं, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

कारण शोधायला संगणकाची दैनंदिनी असते. त्यात प्रत्येक घटना वेळेसह आपोआप लिहिली जाते. आमच्या दोन दैनंदिन्या शेजारी ठेवल्या तर काहीतरी अजबच दिसलं. थोरला अडखळण्याच्या सव्वा मिनिट आधीच धाकट्यानं ताबा घेतला होता! कार्य आधी आणि कारण नंतर. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कुणीतरी दोन्हींची घड्याळं पाहिली. थोरल्याचं दीड मिनिट पुढे होतं. तेवढं वजा केल्यावर घटनाक्रम सुटा झाला. थोरल्यावर कुणीतरी वर्षभराचा अहवाल काढायला घेतला होता. त्या ओझ्यानं त्याची स्मृती भरली, तो सुमारे वीस सेकंद जागच्या जागी थबकला, आणि ठोके चुकले. धाकट्यानं नियमानुसार सूत्रं हाती घेतली. मग थोरला भानावर आला. मधे काही घडलं याची त्याला कल्पनाच नव्हती, म्हणून तोही पुढचे क्रमांक देऊ लागला. नोंदणी कक्षातले काही संगणक धाकट्याकडे वळले, काही जुन्या जोडणीनं थोरल्यालाच चिकटून राहिले. चाळीस मिनिटं एका प्रयोगशाळेच्या दोन वह्या चालू होत्या.

शाळेतलं उदाहरण घ्या. मुख्याध्यापकांचा फोन लागत नाही, म्हणून प्रभारींनी नवी जावक नोंदवही उघडली आणि पत्रांना जावक क्रमांक द्यायला सुरुवात केली. इकडे मुख्याध्यापक मागच्या खोलीत बसून जुन्या वहीतून क्रमांक देतच आहेत. दोघंही प्रामाणिक, दोघंही नियमानं वागणारे, आणि दोघांचा मिळून घोळ. संगणकाच्या भाषेत या अवस्थेला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणजे दुभंगलेला मेंदू म्हणतात.

यावर पहिला उपाय सुचतो तो ठोक्यांची मुदत वाढवण्याचा. पाच सेकंदांऐवजी साठ सेकंद वाट पाहिली असती तर आमचा त्या दिवशीचा गोंधळ टळला असता. पण मग थोरला खरोखर बंद पडेल तेव्हा सगळं काम निदान एक मिनिट ठप्प होणार. शिवाय एकसष्टाव्या सेकंदाला तो जागा होणार नाही, याची हमी काय? इथे मूळ अडचण समोर येते. दूर बसलेल्या संगणकाला दुसऱ्याचं फक्त मौन ऐकू येतं. तो बिघडला, नुसता मंदावला, की मधली तार तुटली, या तिन्हींत मौन सारखंच असतं.

मुलांना हे वर्गात छान दाखवता येतं. दोन मुलांना वर्गाच्या दोन टोकांना पाठीला पाठ करून बसवा. दोघांनी एकाच वेळी हात वर करायचा आहे, पण दुसरा नक्की करणार याची खात्री असेल तरच. बोलायचं नाही, तिसऱ्या मुलाच्या हाती चिठ्ठ्या पाठवायच्या, आणि तो मधल्या मधे एखादी चिठ्ठी खिशात घालू शकतो. पहिला लिहितो, ‘दहाव्या टाळीला.’ चिठ्ठी पोचली का, हे त्याला कळत नाही. दुसरा पोच पाठवतो. पण पोच पोचली का, हे दुसऱ्याला कळत नाही. मग पोचेची पोच. मुलं दोनतीन फेऱ्यांनंतर हसू लागतात. किती चिठ्ठ्यांनी दोघांची खात्री होईल, असं त्यांना विचारा. उत्तर आहे, कितीही चिठ्ठ्यांनी नाही. समजा, काही ठरावीक चिठ्ठ्यांत काम भागतं. त्यातली शेवटची हरवूही शकते, तरी योजना चालली पाहिजे. म्हणजे ती चिठ्ठी अनावश्यक होती. ती काढली, की तिच्या आधीची शेवटची ठरते आणि तिलाही हेच लागू होतं. असं करत करत शून्य चिठ्ठ्यांवर येतो, आणि ते तर उघडच अशक्य आहे. हे कोडं १९७५ मध्ये संगणकशास्त्रात मांडलं गेलं आणि पुढे ‘दोन सेनापतींचं कोडं’ म्हणून प्रसिद्ध झालं. आठवी-नववीच्या मुलांना ही सिद्धता समजते, असा आमचा अनुभव आहे. मोठ्यांना ती पटायला कधी कधी जास्त वेळ लागतो.

खात्री मिळणार नसेल तर करायचं काय? एक मार्ग रांगडा आहे. पहिला मेला का हे कळत नाही ना, मग ताबा घेण्याआधी दुसऱ्यानं त्याची वीजच तोडायची. त्यासाठी दूरून चालवता येणारी बटणं मिळतात. या रीतीचं इंग्रजी नाव स्टोनिथ. त्याचा अर्थ ‘शेजाऱ्याच्या डोक्यात गोळी घाला’ असा काहीसा होतो. संगणकवाल्यांचा विनोद जरा भयंकरच असतो. शाळेच्या भाषेत सांगायचं तर, प्रभारींनी खुर्चीवर बसण्याआधी कार्यालयाचा शिक्का ताब्यात घ्यायचा. शिक्का एकच असला की दोन मुख्याध्यापक होऊ शकत नाहीत.

दुसरा मार्ग बहुमताचा. दोन संगणकांचं भांडण त्या दोघांत सुटत नाही, म्हणून तिसरा साक्षीदार ठेवतात. ज्याच्या बाजूला तिघांपैकी दोघं, तोच मुख्य. एकटा पडलेला गप्प बसतो. या युक्तीच्या मुळाशी साधं गणित आहे. कोणत्याही दोन बहुमतांत निदान एक सभासद सामाईक असतोच, म्हणून एका वेळी दोन परस्परविरोधी बहुमतं होऊ शकत नाहीत. तीन संगणकांत एक गेला तरी बहुमत उरतं, पाचांत दोन गेले तरी उरतं. चारांत मात्र बहुमताला तीन लागतात, म्हणजे चौथा घेऊनही फक्त एकच गेलेला चालतो. विषम संख्या का घेतात, हे मुलांना आकडेमोड करून शोधू द्या. प्रत्येक निवडणुकीला चढता क्रमांकही देतात. जुन्या क्रमांकाचा मुख्य उशिरा जागा होऊन हुकूम सोडू लागला, तर बाकीचे तो मानत नाहीत. लेस्ली लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस ही रीत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली, तर ऑंगारो आणि ऑस्टरहाउट यांची समजायला सोपी अशी राफ्ट २०१४ मध्ये. दोन्ही याच विचारावर उभ्या आहेत.

मग बहुमत असलं की झालं, असं वाटेल. अमेरिकेतल्या गिटहब या कंपनीचं उदाहरण इथे पाहण्यासारखं आहे. जगभरातले प्रोग्रॅमर आपलं काम तिथे ठेवतात. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी, आपल्याकडच्या घड्याळानुसार २२ तारखेच्या पहाटे ४ वाजून २२ मिनिटांनी, पूर्व किनाऱ्यावर बिघडू लागलेलं एक प्रकाशीय उपकरण बदललं जात होतं. त्यात तिथल्या मुख्य केंद्राची जोडणी ४३ सेकंद तुटली. देखरेख करणाऱ्या व्यवस्थेनं राफ्टच्या नियमानं मतं मोजली, पश्चिम किनाऱ्याच्या बाजूनं बहुमत झालं आणि मुख्यपद तिकडे गेलं. निवडणूक अगदी नियमाप्रमाणे झाली. तरीही सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली.

असं का? ‘मुख्य कोण’ याचं उत्तर बहुमतानं मिळालं, पण ‘त्याची वही पूर्ण आहे का’ हा प्रश्न वेगळा होता. पूर्वेकडे शेवटच्या काही सेकंदांत लिहिलेल्या नोंदी पश्चिमेकडे पोचल्याच नव्हत्या. एकाच गजबजलेल्या क्लस्टरमध्ये त्या ९५४ होत्या. तोवर पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या. आता दोन्हीकडे असं काही होतं, जे दुसरीकडे नव्हतं, आणि परत फिरण्याची वाट बंद झाली. त्यात अंतराची भर पडली. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दोन किनाऱ्यांमधलं अंतर ४ हजार किलोमीटर धरलं तर जाऊन यायला निदान ४० मिलिसेकंद लागतात. एका नोंदीला हे काहीच नाही. पण एकेका कामासाठी डेटाबेसकडे अनेक फेऱ्या कराव्या लागल्या तर ते चांगलंच जाणवतं, आणि पूर्वेकडचे प्रोग्रॅम या फेऱ्यांसाठी बनवलेले नव्हते. अभियंत्यांनी घाई करण्याऐवजी नोंदींचा खरेपणा जपायचं ठरवलं, आणि जुन्या नकलांवरून वह्या पुन्हा उभ्या करण्यात बरेच तास गेले.

नक्कल पोचल्याशिवाय ‘नोंद झाली’ असं म्हणायचंच नाही, असंही करता येतं. मग काही हरवत नाही. पण प्रत्येक नोंदीला नकलेची वाट पाहावी लागते आणि नक्कल करणारा अडला की मुख्यही अडतो. पैशाच्या व्यवहारात हा उशीर सोसावा असं आम्हाला वाटतं. छायाचित्राखालच्या शेऱ्यांसाठी बहुधा नाही. गिटहबनं त्यानंतर एक साधा बदल ठरवला, की मुख्यपद आपोआप एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊ द्यायचं नाही.

आमच्या एकतीस जोड्यांचं काय झालं? कोणत्याही संगणकाला त्या सोडवता आल्या नसत्या, कारण दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर होत्या. नमुने गोळा करणाऱ्यांनी बाटलीवर पेन्सिलीनं गावाचं नाव आणि घरमालकाचं नाव लिहायची जुनी सवय सोडलेली नव्हती. त्यावरून बासष्ट बाटल्या वेगळ्या केल्या, त्यांना नवे क्रमांक दिले आणि फ्लोराइड पुन्हा मोजलं. तीन मिलिग्रॅमवालं बोअर कोणत्या गावातलं, ते दोन दिवसांत नक्की झालं, आणि त्या गावाला पत्र गेलं.

त्यानंतर आम्ही तिसरा संगणक साक्षीदार म्हणून बसवला, तिघांची घड्याळं एका प्रमाणवेळेला बांधली, आणि महिन्यातून एकदा, सगळ्यांना सांगून, मुद्दाम थोरल्याची तार काढू लागलो. पहिल्या खेपेला धाकट्यानं बिनचूक ताबा घेतला, पण अहवाल छापणारा प्रोग्रॅम थोरल्याचाच पत्ता धरून बसला होता आणि छपाई बंद पडली. दुसऱ्या खेपेला सगळं सुरळीत झालं. तिसऱ्या खेपेला आम्ही तारेऐवजी त्या खोलीची वीज बंद करून पाहिली, तेव्हा लक्षात आलं की साक्षीदार आणि थोरला एकाच यूपीएसवर जोडलेले होते.