डिस्क नव्हे, फाईल!

१९८१ साली अमेरिकेतील युटा राज्यात नॉव्हेल डेटा सिस्टिम्स ही कोवळी कंपनी धापा टाकत होती. ती छोटे संगणक बनवी, पण त्यांना गिऱ्हाईक मिळेना. निदान ते एकमेकांना जोडून दाखवले तर काही खपतील, या आशेने कंपनीने बाहेरचे तीन तरुण प्रोग्रामर हाताशी धरले: ड्रू मेजर, डेल नायबॉर आणि काइल पॉवेल. मार्क हर्स्ट त्यांना नंतर येऊन मिळाला. 'सुपरसेट' या नावाने ही चौकडी ओळखली जाऊ लागली.

काम वरवर साधे होते. एक महागडी हार्डडिस्क अनेक संगणकांनी वाटून वापरायची. रूढ रीत अशी, की डिस्कचे भाग पाडायचे आणि ज्याचा त्याला नेमून द्यायचे. पण एकाने लिहिलेले दुसऱ्याला हवे असेल, तर दोघांना एकाच भागात हात घालावा लागे, आणि तिथेच घात होई. कोणती फाईल कुठे आहे, याचा तक्ता प्रत्येक संगणक आपापल्या मेमरीत धरून बसे. पहिल्याने नवी फाईल लिहिली तरी दुसऱ्याचा तक्ता जुनाच राही, आणि तो बेधडक त्याच जागेवर आपला मजकूर उतरवी. दोन कारकुनांनी एकमेकांना न विचारता एकाच खतावणीच्या एकाच ओळीवर नोंदी कराव्यात, तसा हा गोंधळ होता.

या कोंडीतून त्या तरुणांना वाट दिसली. संगणकांना डिस्कला हात लावूच द्यायचा नाही! त्यांनी फक्त मागायचे: अमुक फाईल द्या. ती शोधणे, देणे, एकजण लिहीत असताना दुसऱ्याला थोपवणे, हे सारे मधल्या एका संगणकाने, म्हणजे सर्व्हरने, पाहायचे. तक्ता एक आणि राखणदारही एकच. आज हे इतके अंगवळणी पडले आहे, की त्यामागचे धाडस जाणवत नाही. कारण या निर्णयाबरोबर डिस्क वाटण्याचे किरकोळ काम संपले आणि सर्व्हरसाठी आख्खी नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याचे डोंगराएवढे काम अंगावर आले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी बाजारात अवतरला होता. नॉव्हेलच्या संगणकांचे दिवस भरल्याची ती खूणच होती. पण सुपरसेटने त्या पीसीलाच आपल्या जाळ्यात जोडायचे ठरवले. पीसीवरच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमला नेटवर्क ठाऊकच नव्हते. मग त्यांनी एक छोटा प्रोग्राम डॉसच्या वाटेवर पहाऱ्याला बसवला. फाईलची मागणी आली, की तो ती मध्येच झेली आणि दूरची असेल तर गुपचूप सर्व्हरकडे धाडी. जोडणी पारखायला त्यांनी 'स्नाइप्स' नावाचा खेळ रचला. निव्वळ अक्षरचिन्हांनी रेखलेल्या चक्रव्यूहात वेगवेगळ्या पीसींवरचे खेळाडू एकमेकांवर गोळ्या झाडू लागले.

इकडे कंपनी बुडण्याच्या बेतात होती, तरी चौकडीने काम सोडले नाही. १९८३ मध्ये रे नूर्डा यांनी सुकाणू हाती घेतले. सर्व्हरच्या या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच कंपनीचे भवितव्य आहे, हे त्यांनी हेरले, आणि इतरांच्या यंत्रांवर, इतरांच्या नेटवर्क कार्डांवरही चालणारी ही सिस्टिम 'नेटवेअर' या नावाने जगभर पसरू लागली. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या अनेक कार्यालयांतही सकाळ उजाडे ती सर्व्हरच्या 'एफ' ड्राइव्हवर लॉगिन करूनच.

मात्र मूळ कल्पनेच्या पोटातच एक भय दडले होते. सारे काही एका सर्व्हरच्या हवाली, आणि तोच कोलमडला तर? पुढच्या आवृत्त्या या भयाशी झुंजत घडल्या. डिस्कचा खराब भाग आढळताच मजकूर चांगल्या जागी हलू लागला. एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर उमटू लागली. व्यवहार अर्ध्यावर असताना वीज गेली, तर अर्धवट नोंदी मागे घेण्याची सोय झाली. १९८९ मध्ये ३८६ प्रोसेसरसाठी नेटवेअर नव्याने लिहिली गेली. चालू सर्व्हर न थांबवता त्यात नवे भाग चढवता-उतरवता येऊ लागले. त्या सर्व्हरच्या पडद्यावर फिरणारा लाल साप अनेकांना आठवत असेल. कामाचा भार वाढला, की त्याची शेपटी लांबत जाई.

आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी शेवटचा अडसरही हटला. दोन आख्खे सर्व्हर वेगवान दुव्याने जोडले गेले. एकाच्या मेमरीत जे घडे, तेच दुसऱ्याच्या मेमरीतही घडे. चालत्या सर्व्हरची वीज तोडली तरी जोडीदार त्याचे काम उचलून घेई, आणि फाईल उघडून बसलेल्यांना पुन्हा लॉगिनही करावे लागत नसे.