मॅन्युअलच्या तळाशी: नाव कोणाचे?

• कॉपीराइट कोडचा आणि मजकुराचा. ट्रेडमार्क नावाचा, बोधचिन्हाचा.

• टीएम: नुसता दावा, नोंदणी नसली तरी चालते. वर्तुळातला आर: नोंदणी हवीच. ती नसताना हे चिन्ह लावणे भारतात गुन्हा (ट्रेड मार्क्स कायदा १९९९, कलम १०७).

• नोंदणीची मुदत १० वर्षे. नूतनीकरण कितीही वेळा.

• लिनक्स: लिनस टॉरवाल्ड्स. युनिक्स: द ओपन ग्रुप. जावा: ओरॅकल (२०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली तेव्हापासून).

• गंमत आयओएसची. फोन अ‍ॅपलचा, नाव सिस्कोचे. सिस्कोच्या राउटरमधल्या प्रणालीचेही हेच नाव. म्हणून अ‍ॅपलच्या कागदपत्रांत तळाला बारीक अक्षरांत ओळ असते: हा सिस्कोचा ट्रेडमार्क, वापर परवान्याने.

• चिन्ह सहसा पहिल्या उल्लेखालाच लावतात.