हात वर न करणाऱ्यांचा कौल

"समजले ना?" हा आपल्या महाविद्यालयांत सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा आणि सर्वांत कमी वेळा उत्तर मिळणारा प्रश्न असावा. एकशेवीस विद्यार्थ्यांची तुकडी, पाऊण तासाची तासिका आणि मुदतीत संपवावयाचा अभ्यासक्रम. प्राध्यापक फळ्याकडून वळतात, प्रश्न टाकतात, पुढच्या बाकांवरील चारदोन माना होकारार्थी हलतात आणि व्याख्यान पुढे सरकते. उरलेल्या शंभरावर विद्यार्थ्यांचे मौन हे संमतीचे लक्षण मानण्याचा प्रघात पडून गेला आहे. ते मौन आकलनाचे आहे, कंटाळ्याचे आहे की भीतीचे, हे परीक्षेचा निकाल लागेपर्यंत कोणालाच कळत नाही. आणि निकाल लागतो तेव्हा शिकविण्याची वेळ टळून गेलेली असते.

हे मौन फोडण्याचा एक उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत वर्गात व सभागृहांत मोबाइलवरील लघुसंदेशांद्वारे कौल घेण्याची पद्धत रूढ झाली. तिची रचना साधी आहे. पडद्यावर किंवा फळ्यावर एक प्रश्न व त्याची चार संभाव्य उत्तरे मांडावयाची; विद्यार्थ्याने आपल्या पसंतीच्या पर्यायाचे अक्षर ठरलेल्या क्रमांकावर धाडावयाचे; संगणक ती अक्षरे मोजतो आणि क्षणार्धात कोणत्या पर्यायाला किती मते पडली याचे स्तंभ पडद्यावर उमटतात. लघुसंदेशाचा जन्म ३ डिसेंबर १९९२ चा, ब्रिटनमधील; तो वर्गात शिरला तो अमेरिकेत २००७ च्या सुमारास. पुढे स्मार्टफोन आले, संदेशाची जागा अनेक ठिकाणी इंटरनेटने घेतली. तथापि साध्या संदेशाचे एक बलस्थान अजून कायम आहे. त्याला इंटरनेट लागत नाही, महागडा फोन लागत नाही. बटणांचा जुना फोनही पुरतो. केवळ बोलणे व संदेश यांसाठीच फोन वापरणारा वर्ग भारतात इतका मोठा आहे की, अशा ग्राहकांसाठी इंटरनेटविना स्वतंत्र योजना देण्याचे बंधन दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांवर घातले.

तरीही प्रश्न यंत्राचा नाही. हा कौल घेतल्याने शिकविण्यात नेमका काय फरक पडतो, हा खरा प्रश्न आहे.

हार्वर्डमधील धक्का

या पद्धतीमागील विचार लघुसंदेशाहून जुना आहे. एरिक मझूर हे हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवीत होते. विद्यार्थी त्यांच्यावर खूष होते, अवघड गणिते सोडवीत होते. १९८५ साली ॲरिझोना राज्य विद्यापीठातील हलून व हेस्टेनीस यांनी दाखवून दिले होते की, भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केल्यावरही बल आणि गती यांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या भाबड्या समजुती जशाच्या तशा शिल्लक राहतात. आपले विद्यार्थी याला अपवाद असतील या खात्रीने मझूर यांनी तशीच साध्या शब्दांतील चाचणी आपल्या वर्गाला दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, ही उत्तरे तुम्ही शिकविले तशी लिहू की मला वाटते तशी? या एका प्रश्नात साऱ्या व्याख्यानपद्धतीची मीमांसा होती. पुस्तकातील ज्ञान आणि मनातील समजूत ही दोन वेगळ्या खणांत ठेवूनही उत्तम गुण मिळविता येतात, हे त्या प्रश्नाने उघड केले.

१९९१ पासून मझूर यांनी व्याख्यानाची घडी बदलली. थोडे विवेचन, मग संकल्पनेवर एक प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने विचार करून दिलेले उत्तर, त्यानंतर शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा उत्तर, असा तो क्रम. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली तर चर्चा फलदायी होते; त्याहून कमी आली तर मुद्दा पुन्हा शिकवावा लागतो, अधिक आली तर पुढे जावे. म्हणजे व्याख्यान कोठे थांबवावे व कोठे पुढे न्यावे, याचा निर्णय प्राध्यापकाच्या टिपणवहीवर न राहता वर्गाच्या उत्तरावर येतो.

चर्चेनंतर बरोबर उत्तरे वाढतात ती हुशार विद्यार्थ्याची नक्कल केल्यामुळे, असा आक्षेप यावर सहज सुचतो. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी जनुकशास्त्राच्या वर्गात त्याचीच परीक्षा घेतली. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरील दुसरा प्रश्न त्यांनी चर्चेविना सोडवावयास दिला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, विद्यार्थी खरोखरच शिकतात. आणि ज्या गटात आरंभी कोणालाच बरोबर उत्तर ठाऊक नव्हते, तेथेही चर्चेने आकलन वाढते. दोन अज्ञानांच्या बेरजेतून ज्ञान निघू शकते, हा शिक्षकाच्या अहंकाराला थोडा बोचणारा पण शिक्षणाला उपकारक असा निष्कर्ष आहे.

हात वर करण्यातील दोष

मग हात वर करावयास सांगितले तर काय बिघडले? त्याला खर्चही नाही. याचे उत्तर अर्थशास्त्राने चांगले दिले आहे. मुंबईत जन्मलेले, मराठी मातेचे पुत्र व २०१९ च्या अर्थशास्त्रीय नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ साली कळपवृत्तीचे एक साधे प्रतिमान मांडले. शेजारी शेजारी दोन उपाहारगृहे आहेत. पहिला ग्राहक स्वतःजवळील माहितीनुसार एकात शिरतो. दुसऱ्याला स्वतःची माहिती उलट सांगत असली तरी, पहिला आत गेला म्हणजे त्याला काही ठाऊक असेल, असे मानून तोही त्याच्या पाठोपाठ जातो. तिसरा, चौथा त्याच वाटेने जातात. यांतील कोणीही मूर्ख नाही. प्रत्येकाचे वागणे आपापल्या परीने तर्कशुद्धच आहे. परंतु प्रत्येकाजवळची स्वतंत्र माहिती मात्र त्या रांगेत हरवून जाते.

वर्गात हात वर होतात ते असेच. पहिल्या बाकावरील दोन हुशार हात वर गेले की मागचे हात त्यांच्याकडे पाहून उठतात. सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर रेषांची लांबी ओळखण्यासारख्या उघड्या गोष्टीतही माणसे भोवतालच्यांच्या चुकीच्या उत्तराला दुजोरा देताना दिसली. उत्तर खासगीरीत्या लिहून देण्याची मुभा मिळताच हे प्रमाण पुष्कळ घटले. गुप्त मतदानाचे महत्त्व ज्याला निवडणुकीत पटते, त्याला ते वर्गातही पटावयास हरकत नाही.

येथेच या पद्धतीतील एक मोहक चूक ध्यानात घेतली पाहिजे. संदेश येत असतानाच पडद्यावर स्तंभ वाढताना दाखविण्याची सोय असते आणि ती पाहावयास गंमत वाटते. परंतु तसे केले की गुप्ततेचा सारा लाभ वाया जातो. उंच होणाऱ्या स्तंभाकडे उरलेली मते ओढली जातात आणि बॅनर्जी यांच्या उपाहारगृहासमोरील रांग वर्गातच उभी राहते. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात २००९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार मतदानाची अखेरची फेरी संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज जाहीर करण्यास मनाई आहे. तोच नियम वर्गाला लागू करावा. कौल पुरा होईपर्यंत पडदा कोराच ठेवावा.

बहुमत आणि सत्य

दुसरा धोका अधिक खोल आहे. स्तंभ उंच म्हणून उत्तर बरोबर, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या मनात नकळत रुजू शकते. या बाबतीत एक उदाहरण फार बोलके आहे. समजा, एखाद्याला रविवारच्या नाटकाचे फुकट तिकीट मिळाले आहे व ते विकता येत नाही. त्याच वेळी गाण्याची एक मैफल आहे आणि नाटकाला न गेल्यास तो मैफलीलाच जाईल. मैफलीचे तिकीट ४०० रुपयांचे. तिच्यासाठी तो फार तर ५०० रुपये मोजावयास तयार आहे. तर नाटक पाहण्याचा वैकल्पिक खर्च किती: शून्य, १००, ४०० की ५००? उत्तर १०० रुपये, कारण नाटकासाठी त्याने गमावला तो मैफलीच्या आनंदातून तिचे मूल्य वजा जाता उरणारा निव्वळ लाभ. पॉल फेरारो व लॉरा टेलर यांनी याच घडणीचा प्रश्न अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांच्या २००५ च्या वार्षिक संमेलनात सुमारे दोनशे जाणत्यांना विचारला. बरोबर उत्तर देणारे निघाले २१.६ टक्के, चार पर्यायांत सर्वांत कमी मते योग्य उत्तरालाच पडली. डोळे मिटून ठोकताळ्याने उत्तरे दिली असती तरी याहून अधिक बरोबर आली असती.

या उदाहरणाने जाणत्यांची थट्टा करावी असे नाही. संकल्पनेची व्याख्या पाठ असणे आणि ती हाताळता येणे यांत केवढे अंतर असते, ते यातून दिसते. नेमका असाच प्रश्न वर्गात कौलासाठी उत्तम. मते चारही पर्यायांत विखुरली की शेजाऱ्याशी वाद घालण्यास कारण मिळते. आणि अखेरीस सर्वांत ठेंगणा स्तंभच बरोबर ठरला, की बहुमत व सत्य यांतील फरक कोणत्याही प्रवचनाविना विद्यार्थ्याच्या मनावर ठसतो.

समूहाचा अंदाज नेहमीच फसतो असेही नव्हे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथच्या जत्रेत बैलाच्या वजनाविषयी लोकांनी लिहून दिलेले ७८७ अंदाज तपासले. त्यांतील मध्यक १२०७ पौंड होता आणि प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड. परंतु ते अंदाज प्रत्येकाने स्वतंत्रपणे, चिठ्ठीवर लिहिलेले होते. समूहाचे शहाणपण हे सुट्या सुट्या विचारांच्या बेरजेतून येते. एकमेकांकडे पाहून हललेल्या मानांतून नव्हे.

मोजण्याची हाव

जे मोजता येते त्याला गुण देण्याचा मोह शिक्षणसंस्थांना आवरत नाही. संदेश आला म्हणजे विद्यार्थी हजर, असे समीकरण मांडले की हजेरीपटाचे कामही परस्पर होते. १९७५ साली चार्ल्स गुडहार्ट यांनी चलननीतीच्या संदर्भात जे बजावले, त्याचा आशय येथेही तितकाच लागू आहे: एखाद्या मापाचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की ते माप भरवशाचे राहत नाही. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात २०१४ साली याचा प्रत्यय आला. उत्तर देण्याचे हातयंत्र मित्राच्या हाती देऊन वर्गात खोटी हजेरी लावल्याच्या प्रकरणी ६४ विद्यार्थ्यांवर ठपका आला. विषय होता क्रीडा, नीती आणि धर्म! नीतीच्या तासाला अनीतीचे कारण हजेरीच्या गुणांनी पुरविले. कौलाच्या उत्तराला गुण नसावेत, हा त्यातून घ्यावयाचा धडा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. संदेशाबरोबर धाडणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांकही जातो. शेजारच्या बाकापासून गुप्त असलेले उत्तर कौल घेणाऱ्यापासून गुप्त नसते. आणि एखाद्या विद्यार्थिनीचा क्रमांक नको त्या हाती पडला तर त्याचा त्रास तिलाच भोगावा लागतो. आलेले क्रमांक पडद्यावर न दाखविणे, तास संपताच ते पुसून टाकणे आणि ज्याला फोनवरून उत्तर द्यावयाचे नाही त्याला कागदाच्या चिठ्ठीची मुभा देणे, एवढे पथ्य पाळलेच पाहिजे. ज्याच्याजवळ फोन नाही, त्याला ते सर्वांसमक्ष सांगावे लागू नये, यासाठीही ती चिठ्ठी हवी.

व्याख्याने, प्रशिक्षणवर्ग, शासकीय सादरीकरणे यांतूनही आता असे कौल घेतले जातात. तेथे प्रश्न रचणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता असते. योजना "उत्तम", "चांगली" की "समाधानकारक", एवढेच पर्याय ठेवले तर विरोधकालाही स्तुतीच करावी लागते आणि त्या स्तंभांना पुढे जनमताचा मान मिळतो. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत "इंडियन आयडॉल" ठरला, तेव्हा संदेशाने मत देण्याची गोडी घरोघर लागली. पण त्या पद्धतीत एकाच माणसाला कितीही संदेश धाडता येत. ज्याची पैसे खर्चण्याची तयारी अधिक, त्याची मते अधिक. करमणुकीत ते खपून जाते. धोरणाच्या चर्चेत ते खपू नये.

ऐकण्याची तयारी

मझूर यांच्या वर्गात आरंभी उत्तरांसाठी यंत्रे नव्हती. विद्यार्थी अक्षरे लिहिलेली पत्रके उंचावीत. ज्या महाविद्यालयात फोन वर्गाबाहेर ठेवण्याचा नियम आहे, तेथेही डोळे मिटून छातीशी धरलेल्या चार रंगांच्या पुठ्ठ्यांवर हा प्रयोग उद्या सकाळी करता येईल. अवघड आहे तो प्रश्न तयार करणे. विद्यार्थी कोठे व का चुकतो हे ठाऊक असल्याखेरीज चुकीचे पण पटण्याजोगे तीन पर्याय लिहिता येत नाहीत. त्याहून अवघड आहे ते आलेल्या उत्तरानुसार हातातील टिपणे बाजूला ठेवणे. अभ्यासक्रम संपविण्याची सक्ती असलेल्या शिक्षकाला ही मुभा संस्थेने व विद्यापीठाने दिली नाही, तर पडद्यावरील स्तंभ अहवालातील छायाचित्रापुरतेच उरतील.

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची प्रथा आहे. तेथे एक गोष्ट गृहीत असते: कौल मनाजोगा आला नाही तरी तो मानावयाचा असतो. ज्याला फक्त उजवाच कौल हवा, त्याने तो लावण्याच्या भरीस पडू नये. वर्गात कौल घेणाऱ्या शिक्षकालाही हेच लागू आहे. शंभर विद्यार्थ्यांनी न बोलता "समजले नाही" असे सांगितले, तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करण्याची तयारी त्याच्यापाशी असली पाहिजे. ती असेल तर मागच्या बाकावर कधीही हात वर न करणाऱ्या मुलाचे मत प्रथमच मोजले जाईल, आणि परीक्षेच्या आधी मोजले जाईल.