स्वस्त संगणक: पण किती वर्षांसाठी?

लेखमाला ‘गाव आणि यंत्र’ : लेखांक सातवा

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. हवा होता एक सुधारित चरखा. त्याच्या अटी आज पुन्हा वाचाव्यात अशा आहेत. यंत्र हलकं असावं, इकडून तिकडे सहज नेता यावं. खेड्यातल्या बाईला ते आठ तास फार न थकता चालवता यावं आणि तेवढ्या वेळात १६ हजार वार सूत निघावं. किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नको. वेळच्या वेळी देखभाल केली तर यंत्र निदान २० वर्षं टिकावं, आणि त्या देखभालीवर वर्षाला किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक खर्च होऊ नये. आणखी एक अट हक्कांबद्दल होती. शोध लावणाऱ्याला पेटंट घ्यायला हरकत नव्हती, पण बक्षीस हवं असेल तर ते हक्क चरखा संघाच्या स्वाधीन करावे लागणार होते.

किर्लोस्करवाडीहून एक यंत्र तयार होऊन आलं, त्याची कसून तपासणीही झाली. मात्र सगळ्या अटी ते पुऱ्या करू शकलं नाही. बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही. त्या काळच्या खटपटीची साक्ष देणारे नाना तऱ्हांचे चरखे वर्ध्याच्या मगन संग्रहालयात आजही बघायला मिळतात. १९३८ मध्ये खुद्द गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं होतं.

संगणकावरचा लेखांक वर्ध्यातून सुरू करण्याला कारण आहे. गेल्या पंचवीस वर्षांत गोरगरिबांसाठी म्हणून जे संगणक निघाले, त्यांपैकी बहुतेकांच्या निर्मात्यांनी चरखा संघाच्या अटींमधली एकच मनावर घेतली, ती किमतीची. वीस वर्षांची, पाच टक्क्यांची आणि हक्कांची अट बाजूलाच राहिली. गावातल्या शाळेत धूळ खात पडलेल्या संगणकांचं मूळ तिथे आहे.

आधी दरी किती रुंद आहे ते पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण भागात शंभरातल्या ४.४ घरांत संगणक होता, शहरात २३.४ घरांत. त्यानंतर स्मार्टफोन घरोघरी पोचला आणि ‘आता संगणक हवाच कशाला?’ असं सर्रास विचारलं जाऊ लागलं. पण हा फोन बहुधा घरात एकच असतो आणि तो वडलांच्या खिशातून सकाळीच शेतावर जातो. २०२३च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १८ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलामुलींना विचारलं गेलं, तेव्हा स्वतःचा स्मार्टफोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के निघाले, मुली जेमतेम २०. शिवाय फोनवर बघता येतं, ऐकता येतं. चार पानांचा अहवाल लिहिणं, बचतगटाचा हिशेब तक्त्यात मांडणं, प्रोग्रॅम लिहून चालवणं हे बोटभर कळफलकावर होत नाही. आठवीतल्या मुलीला ते शिकायचं असेल तर तिच्यासाठी जागा एकच उरते: शाळेतली संगणक खोली.

महाराष्ट्रात या दिशेने झालेला एक लक्षणीय प्रयोग रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्याचा. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक मोहिमेचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप २००७ मध्ये तिथल्या छोट्याशा शाळेत मुलांच्या हाती पडला. यंत्र खरोखर विचारपूर्वक घडवलेलं होतं. वीज अगदी कमी खाणारं, भर उन्हात पडदा वाचता येणारा, आत लिनक्स आणि त्यावर मुलांसाठी बनवलेली ‘शुगर’ ही प्रणाली. १०० डॉलरचं स्वप्न घेऊन निघालेल्या या लॅपटॉपची किंमत प्रत्यक्षात २०० डॉलरच्या आसपास गेली. पण खरी अडचण किमतीची नव्हतीच. पेरू देशाने हे लॅपटॉप फार मोठ्या संख्येने वाटले. तिथल्या ३१९ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले: मुलांमागे संगणकांची संख्या कित्येक पटींनी वाढली, गणित-भाषेच्या गुणांत मात्र फरक दिसला नाही. यंत्र दिलं, पण शिक्षकाला सोबत घेतलं नाही, तर असंच होणार.

भारताने आपला मार्ग वेगळा निवडला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ टॅबलेट आला. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता. त्याचा ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर धिमा होता आणि पडदा बोटाला लवकर दाद देत नसे. पुढच्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली सुधारित आवृत्ती आली, ती बरीच सरस होती. तरी काही वर्षांत योजना थंडावली. कोल्हापूर-सांगलीकडचा वारणा प्रकल्प याहून जुना, १९९८चा. ७० गावांत संगणक केंद्रं उभी राहिली, ऊस उत्पादकांचे व्यवहार त्यांवर होऊ लागले. पुढे संशोधकांनी पाहिलं तेव्हा जुन्या झालेल्या संगणकांवर ठरावीक चार-दोन कामंच चालली होती, आणि ती साध्या मोबाइलच्या एसएमएसवरही भागत होती. काही गावांत तसं करूनही पाहिलं गेलं.

मग स्वस्त संगणक म्हणायचं कशाला? २०१२ मध्ये ३५ डॉलरला आलेला, तळहाताएवढा रास्पबेरी पाय हे एक उत्तर आहे. तो वीज नाममात्र घेतो, त्यामुळे लहानशा सौर संचावरही चालू शकतो. मात्र पडदा, कळफलक, माउस, मेमरी कार्ड हे सगळं वेगळं घ्यावं लागतं. नुसत्या ३५ डॉलरवर कुणी भुलू नये.

वर्धा, हिंगणघाट, आर्वीसारख्या गावांतल्या शाळांसाठी दुसरं उत्तर अधिक जवळचं आहे: जो संगणक आहे तोच पुन्हा चालता करणं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा दुरुस्ती थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आठ-दहा वर्षांपूर्वीचे, ठणठणीत असलेले असंख्य संगणक त्यामुळे कागदोपत्री निकामी ठरले. त्याच संगणकावर लिनक्स मिंट किंवा झुबुंटू सुरळीत चालतं. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर यंत्राचा वेग बघणाऱ्याला खरा वाटत नाही. ज्यांची कुवत अगदीच संपली आहे अशी यंत्रंही एका दमदार संगणकाला जोडून निव्वळ पडदा-कळफलक म्हणून वापरता येतात. एलटीएसपी ही ओपन सोर्स प्रणाली त्यासाठीच आहे.

ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हा त्याचा लहान गुण. त्याचा मूळ आराखडा सर्वांसाठी खुला असतो, तो बदलून पुढे वाटायचा हक्क परवान्यातच लिहिलेला असतो, हा मोठा. मराठीला याचा लाभ थेट झाला. एके काळी एका संगणकावर टाइप केलेलं मराठी पत्र दुसऱ्यावर उघडलं की नुसती अगम्य चिन्हं दिसत, कारण प्रत्येक फाँटची सांकेतिक रचना निराळी. युनिकोडने तो घोळ मिटवला आणि त्यासोबत ‘लोहित’, ‘मुक्त’ यांसारखे खुल्या परवान्याचे देवनागरी फाँट आले. ‘इंडलिनक्स’च्या कार्यकर्त्यांनी आणि पुण्या-मुंबईच्या स्वयंसेवकांनी लिनक्सचा डेस्कटॉप, फायरफॉक्स, ऑफिसची साधनं यांतली एकेक आज्ञा मराठीत आणली. कोणत्याही कंपनीच्या परवानगीसाठी त्यांना थांबावं लागलं नाही. या कामाची दखल मराठी साहित्यव्यवहाराने पुरेशी घेतलेली नाही, आणि ती घ्यायला हवी.

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हाही याच खटाटोपातला. साधारण दहा मिनिटांचे धडे, निवेदन मराठीतही. अर्ध्या पडद्यावर धडा चालू ठेवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात तेच करून बघायचं. धडे एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. ‘किविक्स’मुळे मराठी विकिपीडियाही असाच पेनड्राइव्हवरून वाचता येतो.

पालकांची धास्ती वेगळी असते. ‘नोकरीला विंडोज लागतं, पोरगं लिनक्स शिकून काय करणार?’ ही धास्ती हसण्यावारी नेऊ नये, पण तिला उत्तर आहे. देशभरच्या जिल्हा न्यायालयांच्या ई-कोर्ट्‌स प्रकल्पात उबुंटू लिनक्स वापरलं जातं आणि खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली एनआयसीच्या पुणे केंद्रात, ओपन सोर्स साधनांवर घडली. लोकांच्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. केरळात तर सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, दहावीची आयटी परीक्षाही त्यावरच होते. तिथे यश आलं ते शिक्षकांमुळे. शाळाशिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले, आणि पुढे ‘लिटल काइट्स’ या मंडळांमधून मुलांनाच शाळेतल्या यंत्रांची निगा राखायला शिकवलं.

वर्ध्यात हे अवघड जाऊ नये. हातांनी काम करत शिकण्याची नई तालीम १९३७ च्या शिक्षण परिषदेतून याच गावात पुढे आली. मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे; तिने सौरऊर्जेवर चालणारा चरखाही विकसित केला आहे. जिल्ह्यात आयटीआय आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. कमी आहे ती या सगळ्यांना शाळेच्या संगणक खोलीपर्यंत आणणाऱ्या एका व्यवस्थेची, आणि खरेदीच्या निविदेत देखभालीच्या पुढच्या दहा वर्षांचा खर्च मांडण्याच्या सवयीची.

एखाद्या मुख्याध्यापकांना हा लेख वाचून हात घालावासा वाटला, तर सुरुवात बिनधोक आहे. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा, त्यावर लिनक्स मिंट उतरवावं आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. हार्डडिस्कवरच्या फायलींना आणि विंडोजला धक्का लागत नाही. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा चालू केला की सगळं पूर्ववत असतं. या चाचणीत प्रिंटर, वायफाय, प्रोजेक्टर आणि मराठी टंकलेखन अशा चार गोष्टी तपासाव्यात. चारही जमल्या तर खोलीतला एकच संगणक आधी बदलावा, महिनाभर वापरावा आणि बाकीच्यांचं मग ठरवावं.

(पुढील आठवड्यात: गावातल्या ग्रंथालयातलं इंटरनेट)