दोन मारी आणि उधळलेली मेजवानी

चित्रपटांची ओळख करून देणाऱ्या आपल्या या कार्यक्रमात आज एक असा चित्रपट घेतला आहे, जो बघून काहींना हसू येतं, काहींना राग येतो आणि काही जण मध्येच उठून जातात. भरल्या ताटावर कुणी पाय दिला तर आपल्या पोटात कालवतं, हो ना? या चित्रपटात दोन तरुण मुली अख्ख्या मेजवानीवर नाचतात. त्यावरून एका देशाच्या संसदेत तक्रार झाली, आणि ती शेतकऱ्याचं नाव घेऊन झाली. म्हणून ही गोष्ट आपण समजून घ्यायला हवी.

देश होता चेकोस्लोव्हाकिया. तिथे तेव्हा कम्युनिस्ट पक्षाची सत्ता होती. चित्रपट कुणा शेटजीच्या पैशावर निघत नसत, सरकारी स्टुडिओत आणि सरकारी पैशावर निघत. अशा काळात वेरा खितिलोवा या बाईंनी १९६६ साली हा चित्रपट केला. त्यांचा जन्म १९२९ सालचा. चित्रपट शिकायला जाण्याआधी त्यांनी नकाशे काढण्याचं, मॉडेलिंगचं अशी बरीच कामं केली होती. एस्तेर क्रुम्बाखोवा या दुसऱ्या बाईंनी त्यांच्याबरोबर पटकथा लिहिली. कॅमेरा खितिलोवांचे पती यारोस्लाव कुचेरा यांनी सांभाळला. चित्रपटाचं नाव एका फुलावरून ठेवलं आहे: डेझी, म्हणजे गवतात उगवणारं, पिवळ्या डोळ्याचं छोटं पांढरं फूल.

आता गोष्ट. खरं तर सरळ गोष्ट यात नाहीच. दोन मुली आहेत, दोघींचं नाव मारी. सुरुवातीलाच त्या ठरवतात, सगळं जग बिघडलंय ना, मग आपणही बिघडू. हे ठरण्याआधी पडद्यावर काय दिसतं? यंत्राची फिरती चाकं आणि युद्धातले बॉम्बस्फोट. हे लक्षात ठेवा, शेवटी त्याची गरज पडेल.

पुढे या मुली वयस्कर पुरुषांबरोबर हॉटेलात जातात. पुरुषांचा हेतू वेगळा असतो. मुली मात्र पोटभर खातात, त्या पुरुषाची फजिती करतात आणि त्याला आगगाडीत बसवून वाटेला लावतात. घरी बसून कात्रीने सॉसेज, केळी, अंडी कापतात. रंग मध्येच बदलतात, चित्र तुकड्यातुकड्यांत येतं. त्यामुळे हा चित्रपट बघताना ‘पुढे काय झालं’ हे शोधू नये, गोधडीचे तुकडे बघावेत तसा बघावा.

एक प्रसंग आम्हाला फार लागला. मुली मक्याची कणसं खात रस्त्याने जातात. बागेत काम करणारा माणूस त्यांच्याकडे बघत नाही, सायकलवरून कामाला जाणारे लोकही बघत नाहीत. दोघींना शंका येते, आपण आहोत तरी का? मग रस्त्यात स्वतःच टाकलेली कणसांची सालं दिसतात आणि त्यांना पटतं की आपण आहोत. दंगा केल्याशिवाय आपली दखलच कुणी घेत नाही, असं वाटणाऱ्या पोरी आपण कधी पाहिल्या नाहीत का?

शेवटी त्या जेवण वर नेणाऱ्या छोट्या लिफ्टमध्ये बसून एका दालनात पोहोचतात. तिथे मोठी मेजवानी मांडलेली, माणूस एकही नाही. आधी चाखतात, मग ओरबाडतात, मग केक एकमेकींच्या अंगावर फेकतात, टेबलावर चालतात, झुंबराला लोंबकळतात. नंतर अंगाला वर्तमानपत्रं गुंडाळून परत येतात आणि फुटलेल्या बशांचे तुकडे जुळवत बसतात. चिखल झालेलं अन्न पुन्हा ताटात भरतात. सगळं ठीक झालं असं एकमेकींना सांगतात. पण फुटलेली बशी कुठे सांधते?

१९६७ साली यारोस्लाव प्रुझिनेत्स नावाच्या खासदाराने आणखी वीसेक खासदारांना बरोबर घेऊन संसदेत आवाज उठवला. शेतकरी इतक्या अडचणीत शेती करतोय आणि इथे लोकांच्या पैशावर अन्नाची नासाडी चालली आहे, असा त्यांचा मुद्दा होता. हा चित्रपट आणि आणखी एक चित्रपट थिएटरांतून काढा, अशी त्यांची मागणी होती.

हा राग अगदीच खोटा म्हणता येणार नाही. जिने धान्य निवडलंय, पाखडलंय, दळलंय, तिला अन्न तुडवलेलं बघवणार नाहीच. पण शेतकऱ्याच्या अडचणी दोन पोरींनी केक फेकल्यामुळे आल्या नव्हत्या. खितिलोवांनी याचं उत्तर चित्रपटातच ठेवलं होतं. शेवटी पुन्हा युद्धात उद्ध्वस्त झालेलं शहर दिसतं, आणि ज्यांना फक्त तुडवलेल्या पाल्याचाच संताप येतो अशांना हा चित्रपट अर्पण केल्याचं पडद्यावर येतं. म्हणजे शहरंच्या शहरं बेचिराख झाली तेव्हा तुम्ही गप्प होतात, आणि ताट सांडलं तेव्हा ओरडलात!

तरी त्यांनी या मुलींना शाबासकीही दिलेली नाही. नाश फक्त युद्धातच असतो असं नाही, त्याची मुळं रोजच्या खोडसाळपणातही असू शकतात, असं त्यांचं म्हणणं. १९७५ साली त्यांनी राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हुसाक यांना लिहिलेल्या पत्रात ते मांडलं. पत्र लिहावं लागलं, कारण १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे देशात शिरले, कारभार पुन्हा कडक झाला आणि पुढे कित्येक वर्षं त्यांना चित्रपट करू दिला गेला नाही. पत्रानंतर त्या पुन्हा कामाला लागल्या. २०१४ साली त्या वारल्या. २०२२ मध्ये एका नामांकित ब्रिटिश मासिकाने जगभरातल्या समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा हा चित्रपट पहिल्या तिसात होता.

मैत्रिणींनो, आम्हाला वाटतं, हा चित्रपट आवडलाच पाहिजे असं नाही. पण तो आपल्या रागाला एक प्रश्न विचारतो. लग्नाच्या पंगतीत पातेलंभर भात उकिरड्यावर जातो तेव्हा आपण मान खाली घालतो. त्याच घरातल्या मुलीच्या हातून दूध उतू गेलं, तर मात्र तिची सात पिढ्यांची उजळणी होते. नासाडी दोन्हीकडे आहे, मग आवाज एकीकडेच का चढतो?

येत्या बैठकीत हे नक्की बोलून पाहा. आपल्या गावात सगळ्यात मोठी नासाडी कशाची होते? ती कोण करतं? आणि बोल कुणाला लागतात? मुलींनाही जवळ बसवा आणि आधी त्यांना बोलू द्या. पुन्हा भेटूच. नमस्कार!